पायांना काम नसलेली गाडी

चंद्रपूर, ५ फेब्रु. २००७
गाडी आली. पुण्याहून ट्रकवर बांधून आणली, म्हणजे लाडाची आहे. पांढरी, परदेशी, लाल नंबर प्लेट. अर्धा मोहल्ला बघायला. मला हात लावू देईनात आणि चालवायची मात्र मीच.

सोबत इंजिनिअर आहेत, अपर्णा मॅडम. तिशीच्या असतील. बोलणं पुण्याचं, पण समोरच्याचं ऐकून घेतात. म्हणाल्या, "सलीमभाऊ, इथल्या रस्त्यांवर एकाएकी काय काय आडवं येतं, सांगा. मी लिहून घेते." मी सांगत गेलो. गाय, म्हैस, बकऱ्या, चितळ, रानडुक्कर, बैलबंडी, सायकलवर आडवा बांधलेला बांबू, लग्नाची वरात, रस्त्यावर वाळत घातलेलं पीक. वाघ शेवटी सांगितला. वाघ आपल्याला आडवा येत नाही, आपणच त्याला आडवे जातो. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

६ फेब्रु.
मूल रोड. यंत्र समजून घेतलं. समोरच्या जाळीमागे एक चपटी डबी, ती पुढची गाडी बघते. स्टिअरिंगवरच्या बटणाने वेग ठरवून द्यायचा आणि पाय काढून घ्यायचे. पुढची गाडी हळू झाली की आपली हळू, ती पळाली की आपली पळते. अगदीच जवळ काही आलं तर जोराचा ब्रेकही स्वतःच मारेल म्हणे. तो नवीन घातलाय, त्याचीच परीक्षा. मी ब्रेकला पाय लावला की यंत्र बंद.

पुढे जीप घेऊन नामदेव. नागभीडचा, माझा वीस वर्षांचा दोस्त. मॅडमना पुढे चालणारी गाडी हवी होती, मी त्याचं नाव सुचवलं. त्याचं काम एवढंच, मधेच ब्रेक मारायचा, मधेच पळवायची. असा ड्रायव्हर शोधायला लागत नाही, नामदेव जन्मापासून असाच चालवतो.

दिवसभरात चोवीस वेळा ब्रेक मारला त्याने. चोवीसही वेळा आमची गाडी आपोआप मागे राहिली. मला मजा वाटली. खोटं का सांगू.

घरी बायकोला, शमीमला, सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मतलब तुम बैठेंगे, और सब वो करेगा? काम का जावई आया बोलो घर में." तेव्हापासून त्या डबीचं नाव जावई.

९ फेब्रु.
नागभीडकडे. धान निघून गेलेल्या बांध्या, नुसती खुंटं. त्यावर धुकं इतकं खाली की बगळे गुडघ्यापर्यंत बुडालेले. साडेसात वाजता सूर्य तांबडा, बघता येईल असा.

जावई धुक्यातही जीप ओळखतो. मला दिसत नव्हती तेव्हा त्याला दिसत होती. मॅडम मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर पुढे डबीपर्यंत. काचा बंद ठेवाव्या लागतात. लॅपटॉप तापतो म्हणून ए.सी.

काचा बंद म्हणजे जंगल मुकं. वानर खेकसला की मी पाय उचलतो, का उचलला ते नंतर कळतं. आता वानर नुसता तोंड उघडताना दिसतो.

१२ फेब्रु.
पाय. त्यांचं काय करावं कळत नाही. अठ्ठावीस वर्षं कामावर होते. माजरीला कोळशाचा ट्रक अकरा वर्षं, मग टॅक्सी. कधी रिकामे नव्हते. आता चटईवर पसरून ठेवतो, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे. उजवा तर अधूनमधून स्वतःच हलतो.

आणि डोक्यात काहीबाही येत राहतं. पाय कामात असले की डोकं तिथेच असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. आज सावलीच्या पुढे एकदम अब्बांचं पिंजण ऐकू आलं. अब्बा कापूस पिंजायचे, गावोगाव, खांद्यावर ती लांब धनुकली. तात टुंग टुंग वाजायची आणि घरभर कापूस उडत राहायचा. मी त्या कापसात निजायचो. आज रस्ताभर तोच आवाज. पाच-सहा किलोमीटर कुठे गेले सांगता येणार नाही. वाईट वाटलं नाही, उलट फार बरं वाटलं. तेच जरा...

१६ फेब्रु.
महाशिवरात्र. मार्कंड्याची जत्रा, रस्ता माणसांनी भरलेला, म्हणून सुट्टी. मॅडमना घेऊन माझ्या जुन्या टॅक्सीने गेलो. चालत जाणारे, बंडीत बसलेले, एकेका सायकलवर तिघं. मी गिअर बदलत, पाय नाचवत, हॉर्न देत. मॅडम हसल्या. "आज खूश दिसताय."
म्हटलं, "हो, आज जावई नाई सोबत."
मग नाव सांगावं लागलं. त्यांना आवडलं. त्यांनी लॅपटॉपमधल्या फाइललाही तेच नाव दिलं.

वैनगंगेच्या काठी वाळूत बसून मुरमुरे खाल्ले. पलीकडे पळस पेटलेला. मॅडम म्हणाल्या, त्यांचे वडील अपघातात गेले. थांबलेल्या ट्रकला मागून स्कूटर. त्या नववीत होत्या. एवढंच बोलल्या. मी मुरमुऱ्यांची पुडी त्यांच्याकडे सरकवली.

१९ फेब्रु.
आज उभ्या वस्तूंची परीक्षा. जंगल खात्याच्या जुन्या, बंद पडलेल्या रस्त्यावर. एक रिकामी बैलबंडी आडवी उभी केली, बैल सोडून. मी ठरलेल्या वेगाने, पाय चटईवर. जावई बंडीकडे बघेचना. शेवटी मीच ब्रेक मारला. पाच वेळा. पाचही वेळा मी.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "हलणारं त्याला कळतं, भाऊ. उभं असलेलं तो मोजतच नाही. मोजायला लागला तर प्रत्येक पुलाच्या कठड्याला आणि पाटीला ब्रेक मारत बसेल. ते अजून जमलेलं नाही कुणाला."
"मंग उभ्या मानसाचं?"
त्यांनी लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, ते रिपोर्टमध्ये लिहिणार आहे, कंपनीला आवडो न आवडो.

आमच्याकडे अर्धी दुनिया उभीच असते. रस्त्यात उभं राहून बोलतात, उभं राहून विडी पेटवतात. गाय तर उभी राहूनच विचार करते.

२२ फेब्रु.
लगेच लिहून ठेवतोय.

सकाळी सव्वाआठ. मूलच्या पुढचा सरळ रस्ता. ऊन पाठीवर, ए.सी.ची झुळूक. नामदेवची जीप पुढे, एकाच अंतरावर, दोरीने बांधल्यासारखी. रस्त्यावर लाखोळीच्या डाळीचं पीक पसरलेलं. आमच्याकडे लोक कापलेलं पीक रस्त्यावर घालतात, गाड्यांच्या चाकांनी दाणे मोकळे होतात. मळणी फुकट. बाहेरचा ड्रायव्हर ते चुकवून जातो. इथला माणूस मुद्दाम त्यावरून जातो, लोकांचं काम होतं. मीही आयुष्यभर त्यावरून गेलोय, ब्रेकला पाय न लावता. लाखोळी दिसली की माझा पाय ब्रेकवर जातच नाही. तशी सवयच नाही.

तर जीप लाखोळीजवळ गेली आणि एकदम उजवीकडे उतरली, कच्च्या पट्टीवर. समोरचा रस्ता मोकळा झाला. मोकळा झाला म्हणून जावयाने वेग वाढवला. त्याला तेच शिकवलंय.

पुढचं... लाखोळीच्या ढिगापलीकडे, रस्त्यातच, एक बाई बसली होती. पाठ आमच्याकडे, सूप हातात. नामदेव तिलाच चुकवून उतरला होता.

टायर ओरडले. मॅडम पुढच्या सीटवर आपटल्या. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि बाई यांत दोन हात जागा होती. बाई मागे पडलेली, उजव्या मनगटावर. लाखोळी सगळीकडे उधळलेली, माझ्या काचेवरसुद्धा. नामदेव पळत येऊन तिला उचलत होता. तिने आधी सूप उचलायला लावलं.

पार्बताबाई नाव. साठीच्या पुढे. मनगट सुजलं होतं. माझा दुपट्टा गुंडाळला, मूलच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलेलं नाही.

२२, संध्याकाळ
मॅडमचा लॅपटॉप झटक्याने पडला, वायर निघाली. नेमक्या त्या चार-पाच सेकंदांचं काहीच नोंदलेलं नाही. त्या स्वतः खाली स्क्रीनकडे बघत होत्या. नामदेव पुढे, त्याची पाठ.

गाडी थांबली तेव्हा माझा पाय ब्रेकवर होता, पण तो टायर ओरडण्याआधी गेला की नंतर? म्हणजे ब्रेक आधी कुणी मारला, हे फक्त मला माहीत असणार.

मला माहीत नाही.

२३ फेब्रु.
पुण्याहून फोन. मॅडमनी स्पीकर लावला होता. पलीकडचे साहेब फार खूश. यंत्राने माणूस वाचवला, पहिल्यांदा, तोही अशा रस्त्यावर. मॅडम म्हणाल्या, "सर, अजून खात्री नाही." ते म्हणाले, ड्रायव्हरला विचारा, तो म्हणेल तसं.

मॅडमनी माझ्यापुढे छापील कागद ठेवला. चालकाने ब्रेक दाबला का? हो / नाही. त्याखाली, चालकाने काय पाहिले? चार ओळी जागा.
"घाई नाही," म्हणाल्या. "पण खरं काय ते लिहा. तुम्ही 'नाही' लिहिलंत तर यंत्रानेच थांबवली, असं धरलं जाईल. तसं जाहीर होईल. लोक त्याच्या भरवशावर बसतील."

कागद घरी आणलाय. कुराणाच्या फळीवर ठेवला, मग तिथून काढला.

२४ फेब्रु.
आधी इथे वहीतच लिहितोय, कागदावर लिहायची हिंमत नाही म्हणून.

मी काय पाहिलं. अब्बांना पाहिलं, केव्हाच गेलेल्या अब्बांना. रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होते, खांद्यावर धनुकली. सगळीकडे कापूस, हळूहळू खाली येणारा. जीप दिसत होती आणि नव्हती. अब्बा माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडायला लागले. मी म्हटलं, अब्बा. एवढंच. मग टायर ओरडले आणि समोर पार्बताबाई.

अठ्ठावीस वर्षांत स्टिअरिंगवर माझा डोळा लागला नाही. कोळशाच्या ट्रकवर सलग सोळा तास बसलोय. सोबतचे लागोपाठ गेले, कुणी नाल्यात, कुणी झाडावर. मी नाही. लोक म्हणतात, सलीमभाऊंच्या गाडीत झोपून जा बिनधास्त. तेच माझं भांडवल.

ब्रेक जावयाने मारला असेल तर मी सुटलो. म्हणजे झोप झाकली जाईल. मी मारला असेल तर वाहवा. दोन्हीकडून माझा फायदाच आहे आणि दोन्ही लिहवत नाही.

२६ फेब्रु.
पार्बताबाईकडे गेलो. केळी नेली आणि साखर. घर सारवलेलं, अंगणात मोहाची फुलं वाळवायला जागा झाडून ठेवलेली, अजून पडायची आहेत. हाताला हळद बांधलेली. रागावली नव्हती, मला वाईट त्याचंच वाटलं.

म्हटलं, "बाई, तुमाले कई कळलं गाडी आली म्हनून?"
"टायरचा आवाज आला तवा. मी पाखडूनच राह्यली होती. इथून रोज गाड्या जातेत लाखोळीवरून, कोन मान वळवते. आवाज आला अन् मंग मी उठाले गेली, तं पडली."
"पयले हलल्या नोहत्या तुमी?"
"काऊन हलीन भाऊ? दाने हवेत होते."

मी चहा न पिता उठलो. मग परत बसलो, चहा प्यालो, तिला वाईट वाटेल म्हणून.

म्हणजे ब्रेक लागला तेव्हा ती बसलेली होती. जागेवरून न हलणारं जावयाला दिसत नाही. ती बैलबंडी मी पाच वेळा बघितली आहे. म्हणजे पाय माझाच.

येताना रस्त्याकडेला गाडी थांबवून रडलो. आनंदाने म्हणावं तर तसंही नव्हतं. माझ्या पायाने तिला वाचवलं, खरंय. पण पायाने तिला पाहिलंच नव्हतं. तो अब्बांसाठी थांबला. अब्बा त्या दिवशी आले नसते तर मी नेहमीसारखा लाखोळीवरून गेलो असतो.

२७ फेब्रु.
शमीमला सांगितलं. सगळं. तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "सोये थे, ये मत लिखना. ब्रेक मारा, इतना लिखो. झूठ थोडी है."
खरंच झूठ नाही. दिवसभर तेच घोळवतोय. हो, ब्रेक दाबला. पार्बताबाई वाचली, जावयाची फुशारकी थांबली, माझं नाव राहिलं. सगळे राजी.

तरी काहीतरी राहतंच. मी का झोपलो? दमलो नव्हतो. रात्री आठ तास झोप, सकाळी दोन कप चहा. पायांना काम नव्हतं म्हणून झोपलो. गाडी अशी अलगद जात होती की कुणालाही झोप लागेल. सतरा दिवस ती मला बरोबर थांबवत होती, आणि सतरा दिवस मी तिच्या हवाली होत गेलो. हे लॅपटॉपमध्ये येत नाही. मॅडमना माहीत नाही. पुण्यात तर कुणालाच नाही.

आणि हे लिहायचं तर झोप लिहावी लागते.

२८ फेब्रु.
मॅडमनी आज सांगितलं, पुढचा महिना कुरखेड्याकडच्या रस्त्यांवर. मला आराम द्यायचा म्हणतात, झटका मलाही बसलाय. गाडी चालवायला नामदेव. पुढची जीप त्याचा भाचा चालवेल.
नामदेव खूश. बायकोला फोन करून सांगत होता, "साहेबासारखा बसून राहीन, पाय लांब करून."
मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कागद उद्या द्याल? मला रिपोर्टसोबत पाठवायचाय." त्यांचे डोळे लाल होते. त्यांनाही झोप नाही बहुतेक.

१ मार्च
पहाटे उठून लिहिला. 'हो'वर खूण केली. खालच्या चार ओळींत: ब्रेक मी दाबला. पण मी झोपलेलो होतो. यंत्र सगळं सांभाळत होतं म्हणून झोप लागली, दुसरं कारण नाही. बसलेली बाई त्याला दिसली नाही आणि मलाही नाही. अब्बांचं लिहिलं नाही. ते कंपनीचं काम नाही.
सही केली. दोनदा वाचला. खिशात घातला.

आठ वाजता नामदेव आला, गाडीची चावी न्यायला. उद्यापासून तो. हातात चावी घेऊन ओट्यावर बसला, शमीमने चहा दिला. म्हणाला, "कशी हाय बे चालवाले? खरं सांग."
मी कागद काढून त्याला दिला. मॅडमच्या आधी त्याला. असं ठरवलं नव्हतं.
तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. संपला तरी कागदाकडेच बघत होता.
"तू झोपला होता? तू?"
"हो."
"कोनाले सांगतलं?"
"शमीमले. अन् आता तुले."
त्याने कागद होता तसा घडी केला, नीट, कडेला कड लावून. "हे गेलं तं तुले चंद्रपुरात कोनी गाडी देनार नाई, सल्या. टॅक्सीतही कोनी बसनार नाई. पोरगी लग्नाची हाय तुई."
"माहीत हाय."
"मंग काऊन देऊन राह्यला?"
मी त्याच्या हातातल्या चावीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यानेही खाली चावीकडे बघितलं.

चहा तसाच राहिला. कागद आमच्या दोघांच्या मधे ओट्यावर आहे, त्याने परत दिला नाही आणि मी घेतला नाही. हे लिहायला आत आलोय. दारातून त्याची पाठ दिसते. मॅडम नऊला येतात. साडेआठ झालेत.